पगारी वेळेत मिळणारी पदवी : ब्रिटनमधील रसायनशास्त्राची उमेदवारी

ब्रिटनमध्ये रसायनशास्त्राची पदवी मिळवण्याचे आज दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे : शाळा संपली की वयाच्या अठराव्या वर्षी विद्यापीठात प्रवेश घ्यायचा, तीन-चार वर्षे पूर्णवेळ शिकायचे, त्यासाठी बहुधा शैक्षणिक कर्ज काढायचे आणि पदवी हाती आल्यावर नोकरीच्या शोधाला लागायचे. दुसऱ्या मार्गात हा क्रम राहत नाही. त्याच वयाची मुले-मुली औषधे, रंग, साबण किंवा उत्प्रेरके बनवणाऱ्या एखाद्या कंपनीच्या प्रयोगशाळेत शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होतात, पहिल्या महिन्यापासून पगार घेतात आणि नोकरी चालू असतानाच साधारण पाच वर्षांत विद्यापीठाची पदवी पूर्ण करतात. या दुसऱ्या मार्गाला पदवी-उमेदवारी म्हणता येईल. तिच्या शेवटी मिळणारी बी.एस्सी. ऑनर्स ही पदवी पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळणाऱ्या पदवीच्याच दर्जाची असते.

मराठी वाचकाला यावरून कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेतील ‘कमवा आणि शिका’ ही परंपरा आठवेल. परंतु दोहोंत एक मूलभूत फरक आहे. कर्मवीरांच्या योजनेत विद्यार्थी शेतात किंवा बांधकामावर कष्ट करून शिक्षणाचा खर्च भागवतो, म्हणजे श्रम हे शिक्षणाचे साधन आणि स्वावलंबनाचा संस्कार असतात. पदवी-उमेदवारीत श्रम हाच अभ्यासक्रमाचा एक भाग होतो, कारण प्रयोगशाळेत केलेले काम पदवीच्या मूल्यमापनात धरले जाते आणि वर्गात शिकलेला सिद्धान्त त्याच आठवड्यात हातातल्या नमुन्यावर पडताळून पाहता येतो. या व्यवस्थेची चर्चा बहुतेक वेळा पैशांच्या अंगाने, म्हणजे वाचलेले शुल्क आणि मिळालेला पगार या हिशेबाने होते. तिचा इतिहास बारकाईने पाहिला तर मात्र खरा प्रश्न वेळेचा असल्याचे दिसते. काम करणाऱ्या माणसाने शिकायचे, ते कोणाच्या वेळेत, या प्रश्नाचे उत्तर शोधायला ब्रिटनला जवळजवळ दोन शतके लागली.

रात्रीच्या वर्गांचे शतक

उमेदवारीची पद्धत ब्रिटनमध्ये जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कारागीरविषयक कायद्याने अनेक धंद्यांसाठी किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली आणि ही सक्ती १८१४ मध्ये उठली. रसायनशास्त्राशी या पद्धतीचा संबंध आला तो मुख्यतः औषधे बनवणाऱ्यांच्या दुकानांतून. सोडियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्ये वेगळी करणारे हम्फ्री डेव्ही १७९५ मध्ये पेन्झॅन्स या गावात शल्यचिकित्सा आणि औषधनिर्मिती करणाऱ्या एका वैद्याकडे उमेदवार म्हणून लागले आणि तिथेच फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांचा ग्रंथ वाचून रसायनशास्त्राकडे वळले. पुढे १८१५ च्या औषधविक्रेत्यांच्या कायद्याने पाच वर्षांची उमेदवारी आवश्यक ठरवली आणि परवान्याच्या परीक्षेसाठी रसायनशास्त्रासह काही विषयांची व्याख्याने ऐकणेही आवश्यक झाले. हाताने शिकणे आणि व्याख्यानातून शिकणे यांना एकाच पात्रतेच्या चौकटीत बसवण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होता.

कारखान्यात किंवा कर्मशाळेत काम करणाऱ्या सामान्य तरुणासाठी मात्र अशी सोय नव्हती आणि त्याला शिकायचे असेल तर स्वतःची संध्याकाळ खर्चावी लागे. मायकेल फॅरेडे १८०५ मध्ये लंडनमधील पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षांसाठी उमेदवार झाले. दिवसभर पुस्तके बांधायची, रात्री तीच वाचायची आणि १८१० पासून एक शिलिंग भरून संध्याकाळची विज्ञानविषयक व्याख्याने ऐकायची, असा त्यांचा क्रम होता. तो शिलिंगही त्यांचा मोठा भाऊ देत असे. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्ही यांचे साहाय्यक म्हणून १८१३ मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि तिथून पुढे विज्ञानाच्या इतिहासाला वेगळे वळण लागले. ग्लासगोत जेम्स यंग हे वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकत असताना अँडरसन्स युनिव्हर्सिटीत टॉमस ग्रॅहम यांच्या रसायनशास्त्राच्या रात्रीच्या वर्गांना जात आणि त्या शिक्षणाच्या बळावर पुढे ग्रॅहम यांचे साहाय्यक झाले. कोळशापासून पॅराफिन तेल काढण्याच्या प्रक्रियेचे पेटंट त्यांनी १८५० मध्ये घेतले आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणाचा उद्योग उभा केला.

ज्या संस्थेत यंग शिकले तिथेच १८०० च्या सुमारास जॉर्ज बर्कबेक यांनी कारागिरांसाठी विज्ञानाची मोफत व्याख्याने सुरू केली होती. पुढे ते लंडनला आले आणि १८२३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट स्थापन झाले; तेच आजचे बर्कबेक महाविद्यालय होय. मँचेस्टरमध्ये १८२४ साली अशीच संस्था निघाली. त्या शहरात आयुष्य घालवलेले आणि अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन स्वतः कधी विद्यापीठात शिकले नव्हते, कारण क्वेकर पंथाच्या अनुयायांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बंद होती. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून आपल्या परीक्षा कोणत्याही महाविद्यालयात न शिकलेल्यांना खुल्या केल्या आणि नोकरी करणाऱ्या माणसाला पदवी मिळवण्याची निदान कायदेशीर वाट मोकळी झाली.

ही वाट मोकळी असली तरी चढ मोठा होता. दिवसाचे आठ-दहा तास काम करून आठवड्यातील तीन-चार संध्याकाळी वर्गात बसायचे आणि हे वर्षानुवर्षे चालू ठेवायचे, एवढी शारीरिक आणि मानसिक ताकद फार थोड्यांकडे असे. यशस्वी झालेल्या फॅरेडे आणि यंग यांची नावे इतिहासात राहिली; अर्ध्यावर थकलेल्यांची नोंद कुठेच झाली नाही.

दिवसाचा एक भाग शिक्षणाला

कामाच्या वेळेतला काही भाग शिक्षणासाठी राखून ठेवावा, हा विचार ब्रिटनच्या कायद्यात दोनदा आला आणि दोन्ही वेळा अमलात येता येता राहिला. १९१८ च्या शिक्षण कायद्यात शाळा सोडलेल्या किशोरांसाठी अर्धवेळ दिवसशाळांची तरतूद होती, पण पैशांच्या चणचणीत ती जवळजवळ सर्वत्र मागे पडली. १९४४ च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या सर्व कामगार मुलांसाठी काउंटी कॉलेजांची, म्हणजे अर्धवेळ शिक्षणाच्या महाविद्यालयांची, कल्पना मांडली आणि तीही कागदावरच राहिली.

प्रत्यक्षात जे घडले ते मालकांच्या मर्जीने घडले. १९२१ पासून नॅशनल सर्टिफिकेट या नावाने अर्धवेळ तांत्रिक शिक्षणाच्या परीक्षा सुरू झाल्या आणि रसायनशास्त्रही त्यांत होते. काही कंपन्या आपल्या तरुण साहाय्यकांना आठवड्यातून एक दिवस पगारी सुटी देऊन तांत्रिक महाविद्यालयात पाठवू लागल्या. या पद्धतीला ‘डे रिलीज’ असे नाव पडले. प्रयोगशाळेतील असंख्य साहाय्यकांनी एक दिवस महाविद्यालय आणि एक-दोन संध्याकाळी जादा वर्ग असे करत साधे प्रमाणपत्र, मग उच्च प्रमाणपत्र आणि शेवटी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्रीच्या परीक्षा देऊन पदवीधराच्या तोडीची पात्रता मिळवली. ही संस्था १९८० मध्ये केमिकल सोसायटी आणि आणखी दोन संस्थांबरोबर एक होऊन आजची रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री झाली. शिक्षणविषयक १९५९ च्या क्राउदर अहवालाने मात्र या अर्धवेळ वाटेवरच्या गळतीचे आणि नापासांचे मोठे प्रमाण समोर आणले आणि संध्याकाळच्या वर्गांवर विसंबून राहण्याऐवजी दिवसा शिकण्यासाठी अधिक वेळ मिळाला पाहिजे, असा आग्रह धरला.

त्यानंतरच्या काळात पूर्णवेळ विद्यापीठीय शिक्षणाचा झपाट्याने विस्तार झाला, जुने जड उद्योग आक्रसले आणि उमेदवारीची प्रतिष्ठा ओसरली. पदवी म्हणजे विद्यापीठ आणि उमेदवारी म्हणजे गवंडीकाम किंवा नळजोडणी, अशी विभागणी समाजाच्या मनात पक्की झाली. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये पदवी-उमेदवारी अधिकृतपणे सुरू झाली, तेव्हा तिच्यासमोर ही विभागणी पुसण्याचे काम होते.

आजची व्यवस्था

उमेदवारी म्हणजे सर्वप्रथम नोकरी. उमेदवाराला नोकरीचा करार, पगार, पगारी रजा आणि इतर कर्मचाऱ्यांचे हक्क मिळतात. विद्यापीठाचे शुल्क उमेदवाराकडून घेता येत नाही. ते मालक आणि सरकार मिळून भरतात. यासाठी एप्रिल २०१७ पासून एक विशेष कर लागू आहे : ज्या मालकाचे वार्षिक वेतनबिल ३० लाख पौंडांच्या वर जाते, त्याला त्या वरच्या रकमेच्या अर्धा टक्का रक्कम उमेदवारी-करापोटी भरावी लागते आणि इंग्लंडमध्ये ती रक्कम त्याला उमेदवारांच्या शिक्षणावर खर्च करता येते. लहान कंपन्यांच्या बाबतीत शिक्षणाचा बहुतेक खर्च सरकार उचलते. कर संपूर्ण ब्रिटनमध्ये असला तरी शिक्षण हा विषय स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्याकडे स्वतंत्रपणे असल्याने तेथील योजना वेगळ्या आहेत. येथे वर्णन केलेली रचना मुख्यतः इंग्लंडची आहे.

प्रत्येक व्यवसायासाठी एक मानक ठरलेले असते, म्हणजे त्या कामासाठी लागणारे ज्ञान, कौशल्ये आणि वर्तन यांची मालकांच्या सहभागाने तयार केलेली यादी. प्रयोगशाळेच्या क्षेत्रात तिसऱ्या स्तरावर प्रयोगशाळा तंत्रज्ञ हे मानक आहे आणि तो स्तर आपल्याकडील बारावीच्या जवळपास येतो. सहाव्या स्तरावर, म्हणजे पदवीच्या पातळीवर, प्रयोगशाळा वैज्ञानिक हे मानक आहे. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठ, ज्याची मुळे १८२४ च्या त्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटपर्यंत नेली जातात आणि ज्याच्या विज्ञान विभागाच्या इमारतीला डाल्टन यांचे नाव आहे, रसायनविज्ञानाची अशी पदवी-उमेदवारी चालवते. अ‍ॅस्ट्राझेनेका आणि जीएसके या औषध कंपन्या प्रयोगशाळांसाठी उमेदवार घेतात. काही ठिकाणी उमेदवार आठवड्यातला एक दिवस विद्यापीठात जातो, तर काही ठिकाणी व्याख्याने दूरशिक्षणाने होतात आणि प्रयोगांसाठी ठरावीक दिवस विद्यापीठात राहावे लागते.

वेळेचा जुना प्रश्न येथे नियमाने सोडवलेला आहे. कामापासून बाजूला काढलेला शिक्षणाचा वेळ पगारी कामाच्या तासांतच मिळाला पाहिजे, अशी अट आहे. सुरुवातीला तो एकूण कामाच्या किमान २० टक्के होता, ऑगस्ट २०२२ पासून पूर्णवेळ उमेदवारासाठी आठवड्याला सरासरी किमान ६ तास असे प्रमाण आले आणि २०२५ पासून प्रत्येक मानकासाठी किमान तासांचा आकडा स्वतंत्रपणे ठरवण्यात आला. हे तास नोंदवावे लागतात, मालक आणि विद्यापीठ दोघेही त्यांच्यासाठी उत्तरदायी असतात आणि ते न दिल्यास निधी अडचणीत येतो. हे तास फार नाहीत. पण मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून असलेली सवलत आणि नियमाने मिळालेला हक्क यांतला फरक प्रत्यक्ष शिकणाऱ्यासाठी फार मोठा असतो.

टेबलावरचा सिद्धान्त

या शिक्षणाचे खरे वैशिष्ट्य समजण्यासाठी प्रयोगशाळेतले एखादे नेहमीचे काम तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. औषधाच्या गोळीवर जी मुदत छापलेली असते, ती स्थैर्य-चाचणीवरून ठरते. गोळ्या ठरावीक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या कपाटांत ठेवतात : दीर्घकालीन चाचणीसाठी, उदाहरणार्थ, २५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता, तर वेगवर्धित चाचणीसाठी ४० अंश आणि ७५ टक्के. ठरलेल्या महिन्यांनी गोळ्या बाहेर काढून त्यांत मूळ औषध किती उरले आणि विघटनातून काय तयार झाले, हे मोजतात. ॲस्पिरिनचेच उदाहरण घेतले, तर हवेतील ओलाव्यामुळे त्याचे जलविघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल तयार होते. जुन्या गोळ्यांच्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो तो यामुळेच.

हे मोजण्यासाठी एचपीएलसी हे यंत्र वापरतात. त्यात गोळीचे द्रावण मोठ्या दाबाखाली एका अरुंद पोलादी नळीतून ढकलले जाते. नळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण ठासलेले असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर कर्बसाखळ्या चिकटवलेल्या असतात. द्रावणातील प्रत्येक पदार्थ या साखळ्यांना कमी-अधिक धरून राहतो, त्यामुळे ते वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि आलेखावर प्रत्येकाचे स्वतंत्र शिखर उमटते. नवा उमेदवार पहिल्या वर्षी हे काम लेखी कार्यपद्धतीनुसार करतो : नमुना चार दशांश स्थळांपर्यंत तोलणे, द्रावणाचा सामू ठरल्याप्रमाणे आणणे, प्रमाणित नमुन्याशी तुलना करणे आणि प्रत्येक आकडा नोंदवहीत अशा रीतीने लिहिणे की चूक दुरुस्त केली तरी मूळ नोंद वाचता यावी. वापरायच्या प्रत्येक रसायनाच्या धोक्यांचा विचार आधी करणे हेही कायद्याने बंधनकारक आहे.

याच काळात विद्यापीठात आम्ल-आम्लारींचा समतोल शिकवला जातो. सॅलिसिलिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू विद्युतभारित होतात तो आकडा, ३ च्या आसपास आणि ॲस्पिरिनचा ३.५ च्या आसपास आहे. भारित झालेला रेणू कर्बसाखळीला फारसा धरून राहत नाही, म्हणून द्रावणाचा सामू थोडा जरी बदलला तरी शिखरांच्या जागा सरकतात. कार्यपद्धतीत सामू इतक्या काटेकोरपणे का बांधून दिला आहे, हे उमेदवाराला आता कळते. पुढच्या वर्षी अभिक्रियांचा वेग हा विषय येतो. तापमान वाढले की अभिक्रियेचा वेग कोणत्या गणिताने वाढतो, ते सांगणारे समीकरण स्वान्टे अर्‍हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडले होते, आणि ४० अंशांच्या कपाटातील काही महिन्यांवरून साध्या तापमानातील कालावधीचा अंदाज बांधण्याला याच समीकरणाचा आधार आहे. पूर्णवेळ विद्यार्थी हे समीकरण परीक्षेसाठी सोडवतो आणि उमेदवार त्याच्या आधारे आपण स्वतः तोललेल्या गोळ्यांचे आकडे वाचतो. शेवटच्या टप्प्यात कंपनीच्या खऱ्या प्रश्नावरील संशोधन-प्रकल्प करावा लागतो आणि त्याचे सादरीकरण करून तज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात.

काय मिळते, काय द्यावे लागते

आर्थिक लाभ उघड आहे. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ पदवीचे कमाल वार्षिक शुल्क २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात ९,५३५ पौंड होते. २०२३ पासून प्रवेश घेतलेल्या इंग्लंडमधील विद्यार्थ्यांना वार्षिक २५,००० पौंडांवरील उत्पन्नाचा ९ टक्के हिस्सा कर्जफेडीसाठी द्यावा लागतो आणि ही फेड ४० वर्षांपर्यंत चालू शकते. उमेदवार या ओझ्यातून मुक्त राहतो. त्याचे कायदेशीर किमान वेतन कमी आहे (एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात ते तासाला ७.५५ पौंड होते), परंतु हा कमी दर एकोणीस वर्षांखालील किंवा पहिल्या वर्षातील उमेदवारांसाठीच आहे आणि त्यानंतर वयानुसारचे सामान्य किमान वेतन लागू होते.

याची किंमतही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पगारी तासांत मिळणारा वेळ ऑनर्स पदवीच्या संपूर्ण अभ्यासाला पुरत नाही. पुंज-यांत्रिकी किंवा सेंद्रिय अभिक्रियांची यंत्रणा समजून घ्यायला संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी बसावेच लागते, आणि पाच वर्षे हा क्रम टिकवणे सोपे नाही. दुसरी मर्यादा अनुभवाच्या रुंदीची आहे. विश्लेषण विभागात नेमलेला उमेदवार एचपीएलसीत तरबेज होतो, पण नवा रेणू तयार करण्याचे, म्हणजे संश्लेषणाचे काम त्याला कदाचित विद्यापीठाच्या मोजक्या दिवसांतच करायला मिळते. पूर्णवेळ विद्यार्थ्याला सहज मिळणारी ग्रंथालयातील निवांत दुपार आणि विषय बदलून पाहण्याची मोकळीक उमेदवाराच्या वाट्याला कमी येते. म्हणूनच उमेदवाराला वेगवेगळ्या विभागांत फिरवणारी, अनुभवी मार्गदर्शक देणारी आणि शिक्षणाचे तास कामाच्या घाईत गिळून न टाकणारी कंपनी निवडणे हे विद्यापीठ निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

ब्रिटनमधील मराठी कुटुंबांनी या मार्गाकडे गांभीर्याने पाहावे, असे म्हणण्यास सबळ कारणे आहेत. शिकाऊ उमेदवारी म्हटले की अनेक मराठी पालकांना आयटीआय आठवते आणि हुशार मुलासाठी ती वाट नाही, असे मन सांगते. परंतु येथे प्रवेशासाठी शाळेच्या अखेरच्या ए-लेव्हल परीक्षेत रसायनशास्त्राची चांगली तयारी सहसा अपेक्षित असते, शिवाय मुलाखतीत उतरावे लागते, त्यामुळे ही निवड पूर्णवेळ विद्यापीठापेक्षा सोपी मुळीच नाही. महाराष्ट्रातून थेट जाऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की निधीसाठी ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क आणि साधारणपणे आधीचे तीन वर्षांचे वास्तव्य लागते; विद्यार्थी-व्हिसावर येणाऱ्यांना हा मार्ग खुला नाही.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न

भारतात शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ पासून आहे आणि १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांनाही त्याच्या कक्षेत घेतले. पण ही उमेदवारी बहुधा शिक्षण संपल्यानंतरची असते. अलीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने उमेदवारीचा अंतर्भाव असलेल्या पदवी अभ्यासक्रमांना वाट मोकळी केली आहे आणि महाराष्ट्राला तिचा उपयोग करून घेण्याजोगी परिस्थिती आहे : अंबरनाथ, तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे आणि कुरकुंभ येथे रासायनिक कारखाने आहेत, आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे पूर्वीची यूडीसीटी, १९३३ पासून उद्योगाशी जवळचे नाते राखून आहे. नोकरी करणाऱ्यांनी शिकावे यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि वर्ग सकाळी ठेवले. काम करणाऱ्या विद्यार्थ्याची वेळ ओळखून संस्थेने आपले घड्याळ बदलावे, ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही.

ब्रिटनच्या अनुभवातून घेण्याजोगी गोष्ट त्यापुढची आहे. केवळ वर्गाची वेळ बदलून भागत नाही, कारण तेव्हाही शिकण्याचा सगळा भार विद्यार्थ्याच्या झोपेवर आणि विश्रांतीवरच पडतो. कारखान्याने कामाच्या तासांतला ठरावीक वाटा शिक्षणासाठी द्यावा, त्या तासांचा पगार द्यावा, ते तास नोंदले जावेत आणि न दिल्यास त्याचा जाब विचारणारी यंत्रणा असावी, या चार अटी पाळल्या गेल्या तरच उमेदवारी हे शिक्षण होते. नाहीतर ती स्वस्त मजुरी ठरते आणि पदवी हे तिच्यावरचे आवरण. मराठी तरुणांसाठी अशी योजना आखणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने आणि प्रत्येक कारखान्याने करारात सर्वांत आधी विद्यावेतनाचा आकडा नव्हे, तर आठवड्याचे हे राखीव तास लिहावेत.